२२ कॅरेट, ९१६, केडीएम, एचयूआयडी: सोनं घेताना या शब्दांचा नेमका अर्थ काय?

मागच्या वर्षी वैशाखऱ्याच्या आत्याची बोरमाळ मोडायची वेळ आली. घरात लग्न होतं आणि मुलीसाठी नवीन मंगळसूत्र करायचं ठरलं होतं. माळ काट्यावर ठेवली तेव्हा १८ ग्रॅम भरली. घरातल्या सगळ्यांनी मनात हिशोब करून टाकला, की १८ ग्रॅम बावीस कॅरेट म्हणजे साधारण साडेसोळा ग्रॅम शुद्ध सोनं. कल्याणला गलाईच्या दुकानात माळ वितळवली तेव्हा आधी मण्यांमधली लाख जळाली आणि हातात ११.२ ग्रॅमची लगड आली. त्या लगडीचा कस काढला तर तो निघाला ७९ टक्के. म्हणजे शुद्ध सोनं ८.८५ ग्रॅम! घरच्यांनी धरलं होतं त्याच्या जेमतेम निम्मं.

माळ तीस वर्षांपूर्वी घेतलेली, बिल नाही, शिक्का नाही. ज्यांच्याकडून घेतली त्यांनी 'चोख माल आहे' असं तोंडी सांगितलेलं. आत्या एवढंच म्हणाली, "पिवळं होतं ना, मग सोनंच की." ती चुकीचं बोलली नाही. सोनं होतंच, पण किती होतं हे पिवळ्या रंगावरून कळत नाही. ते कशावरून कळतं, त्यामागचं तंत्र काय आहे आणि कायद्याने आपल्याला काय हक्क दिलाय, ते या लेखात बघू.

सोनं पिवळं का दिसतं?

चांदी, ॲल्युमिनियम, लोखंड, पारा असे बहुतेक धातू पांढरट-करडे दिसतात. सोनं आणि तांबं हे ठळक अपवाद. सोन्याचा अणू जड असतो, त्याच्या केंद्रकात ७९ प्रोटॉन असतात. एवढ्या जबरदस्त ओढीमुळे अगदी आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या निम्म्याहून जास्त वेगाने फिरतात. अशा वेगाला आइनस्टाइनच्या सापेक्षतेचे नियम लागू होतात. त्याचा परिणाम बाहेरच्या इलेक्ट्रॉनच्या ऊर्जापातळ्यांवर होतो आणि सोनं निळा प्रकाश शोषून घेतं. पांढऱ्या प्रकाशातून निळा गेला की उरतो तो पिवळा. आपल्या गळ्यातल्या माळेचा रंग हा सापेक्षतावादाचा रोज दिसणारा पुरावा आहे, असं म्हणायला हरकत नाही.

पण शुद्ध सोनं फार मऊ. त्याच्या पाटल्या केल्या तर भाकरी थापतानाच वाकतील. म्हणून त्यात तांबं, चांदी, जस्त मिसळतात. तांबं जास्त झालं की रंग लालसर होतो, चांदी जास्त झाली की फिका, हिरवट पिवळा. दोन्हीचं प्रमाण नीट जमवलं तर १८ कॅरेटचा दागिनाही छान पिवळाधमक दिसतो. वरून चोख सोन्याचा पातळ मुलामा दिला की मग विचारायलाच नको. त्यामुळे "रंग बघा ताई" असं कोणी म्हणालं तर रंग जरूर बघा, पण त्यावर पैसे मोजू नका.

कॅरेट म्हणजे चोवीस भागांचा हिशोब

शुद्ध सोन्याचे २४ भाग धरायचे. त्यातले २२ भाग सोनं आणि २ भाग इतर धातू असेल तर ते २२ कॅरेट. २२ भागिले २४ म्हणजे ०.९१६ आणि पुढे. हजारात ९१६ भाग सोनं. 'नऊशे सोळा' म्हणतात ते हेच. म्हणजे '२२ कॅरेट' आणि '९१६' या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. तसंच १८ कॅरेट म्हणजे ७५०, १४ कॅरेट म्हणजे ५८५, २० कॅरेट म्हणजे ८३३, २३ कॅरेट म्हणजे ९५८. जुलै २०२५ पासून ९ कॅरेट, म्हणजे ३७५, हाही दर्जा सक्तीच्या हॉलमार्कच्या यादीत आला आहे. भाव वाढल्यावर हलक्या कॅरेटचे दागिने दुकानात जास्त दिसू लागलेत, तेव्हा हा ३७५ आकडा लक्षात ठेवा. त्यात निम्म्याहून कमी सोनं असतं.

गुढीपाडव्याला किंवा गुरुपुष्यामृताला आपण जे साधं वेढणं घेतो ते सहसा २४ कॅरेटचं. त्यावर ९९५ किंवा ९९९ असा आकडा असतो. दागिना म्हणून त्याला फार शोभा नाही, पण साठवायला ते बरं, कारण घडणावळ कमी लागते.

'कॅरेट' हा शब्द एका झाडाच्या बीवरून आला. भूमध्य समुद्राच्या बाजूला कॅरोब नावाच्या झाडाच्या बिया वजनाला वापरायचे. आपल्याकडे तेच काम गुंजेने केलं. ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. आज दुकानात 'तोळा' म्हणतात तो १० ग्रॅमचा. आजीच्या काळातला 'पाच तोळ्याचा' दागिना आज ५८ ग्रॅमच्या आसपास भरला तर दचकू नका, आणि ५० भरला तर लगेच कोणावर संशयही घेऊ नका, आधी तो कुठल्या तोळ्याने तोलला होता ते विचारा.

सोन्याचा भाव लिहून ठेवायची आपल्याकडची सवय तर फारच जुनी आहे. वैशाखऱ्याजवळून जी वाट नाणेघाटात चढते, ती सातवाहनांच्या काळची व्यापारी वाट. वरच्या लेण्यात राणी नागनिकेच्या लेखात यज्ञांची दक्षिणा कार्षापण नाण्यांत मोजून नोंदवली आहे. नाशिकच्या लेण्यांतल्या उषवदाताच्या लेखात तर थेट दरच दिलाय: ३५ कार्षापणांना एक सुवर्ण, म्हणून ७०,००० कार्षापण म्हणजे २,००० सुवर्ण. जवळपास १,९०० वर्षांपूर्वीचं हे बिल दगडावर आहे. आपल्या बोरमाळेचं मात्र कागदावरही नव्हतं.

केडीएम म्हणजे शुद्धता नव्हे

गावाकडे अजूनही 'केडीएम आहे का?' असं विचारतात. केडीएम हा शब्द कॅडमियमवरून आला. दागिन्याचे तुकडे जोडताना सांध्याला डाक द्यावा लागतो. पूर्वी डाकात तांबं आणि चांदी जास्त असायची, त्यामुळे सांधे असलेल्या दागिन्याचा एकूण कस उतरायचा. साखळीत शेकडो सांधे असतात, तिथे हा फरक चांगलाच जाणवतो. मग डाकात कॅडमियम घालायची पद्धत आली. ९२ टक्के सोन्यात ८ टक्के कॅडमियम मिसळलं की ते मिश्रण दागिन्याच्या मानाने लवकर वितळतं आणि कसही फारसा उतरत नाही. सोय झाली, पण कॅडमियमचा धूर विषारी. तो रोज हुंगणाऱ्या कारागिराच्या फुप्फुसांची आणि मूत्रपिंडांची वाट लागते. त्यामुळे आता डाकात जस्तासारखे दुसरे धातू वापरतात.

म्हणजे केडीएम हे डाक देण्याच्या पद्धतीचं नाव आहे, शुद्धतेचं नाही. ते विचारून तुम्हाला काहीच कळत नाही. उलट समोरच्याला तुम्ही किती पाण्यात आहात ते कळतं!

कस कसा काढतात?

सर्वात जुनी पद्धत कसोटीच्या दगडाची. काळ्या दगडावर दागिना घासायचा, शेजारी माहीत असलेल्या कसाच्या सोन्याची रेघ ओढायची, वर नायट्रिक ॲसिड टाकायचं आणि कुठली रेघ किती टिकते ते बघायचं. मुरलेला सराफ यावरून बराच जवळ पोहोचतो, पण हा डोळ्यांचा अंदाज आहे. आणि दागिन्याला वरून मुलामा असेल तर दगडावर मुलाम्याचीच रेघ उमटते. म्हणून आधी कानशीने थोडं खरवडून मग घासतात.

दुसरं म्हणजे मोठ्या दुकानात दिसणारं कॅरेटोमीटर. पेटीत दागिना ठेवतात आणि मिनिटभरात स्क्रीनवर टक्केवारी येते. या यंत्रातून क्ष-किरण दागिन्यावर पडतात. ते अणूच्या आतला एखादा इलेक्ट्रॉन उडवतात, रिकाम्या जागी बाहेरचा इलेक्ट्रॉन येतो आणि येताना स्वतःचे क्ष-किरण सोडतो. सोनं, तांबं, चांदी, प्रत्येकाच्या या किरणांची ऊर्जा वेगळी. यंत्र ती ऊर्जा मोजतं आणि कुठला धातू किती ते सांगतं. दागिन्याला ओरखडाही पडत नाही. मात्र सोन्याच्या बाबतीत हे यंत्र एका केसाच्या जाडीपेक्षाही कमी खोलवर बघतं. जाड मुलामा असेल तर त्याचीही फसगत होऊ शकते.

तिसरी पद्धत वितळवून बघायची, आणि आजही शेवटचा शब्द तिचाच. नमुन्याचं अगदी बारीक वजन करतात, त्यात मोजून चांदी घालतात, शिशाच्या पत्र्यात गुंडाळतात आणि हजार अंशांहून जास्त तापलेल्या भट्टीत सच्छिद्र वाटीत ठेवतात. शिसं तांबं-जस्तासारख्या हिणकस धातूंना घेऊन वाटीत मुरतं. मागे सोनं-चांदीचा मणी उरतो. तो ठोकून, पातळ पट्टी करून नायट्रिक ॲसिडमध्ये उकळतात. चांदी विरघळते, सोनं उरतं. ते पुन्हा तोलायचं. आधीचं वजन आणि नंतरचं वजन, बास. यात अंदाजाला जागाच नाही.

भट्टीच्या या कामात आपलीच माणसं देशभर आहेत बरं का. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतली, विट्याच्या आसपासच्या गावांतली कितीतरी कुटुंबं पिढ्यान् पिढ्या गलाईचा धंदा करतात. तमिळनाडूत किंवा बंगालमध्ये सराफ बाजारात सोनं-चांदी गाळायच्या दुकानात गेलात तर समोरून मराठी ऐकू येण्याची शक्यता भरपूर आहे.

घरच्या घरी करायच्या 'चाचण्या' मोबाईलवर फिरत असतात, त्यांचंही बघू. चुंबकाला चिकटत नाही म्हणून सोनं? पितळ, तांबं, चांदी, शिसं यातलंही काही चिकटत नाही. दाताने चावून खूण उमटली तर शिशालाही उमटते. व्हिनेगरचा उपयोग स्वयंपाकात करा. एक चाचणी मात्र शास्त्राला धरून आहे, ती म्हणजे घनतेची. सोन्याची घनता १९.३, चांदीची १०.५, तांब्याची ९ च्या आसपास. २२ कॅरेट साधारण १७.८ ला येतं. दागिना हवेत तोलायचा, मग दोऱ्याला बांधून पाण्यात बुडवून तोलायचा, आणि हवेतल्या वजनाला दोन्हींच्या फरकाने भागायचं. पण मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा काटा हवा आणि दागिना भरीव हवा. बोरमाळ, मणी, पोकळ कडी, खडे असलेली ठुशी, यांना ही चाचणी लागू पडत नाही. शिवाय टंगस्टनची घनता सोन्याइतकीच आहे, म्हणून नाणं किंवा बिस्किट असेल तर तेवढ्यावर थांबू नका.

हॉलमार्क वाचायचा कसा?

भारतीय मानक ब्युरो म्हणजे बीआयएसने सोन्याचं हॉलमार्किंग २००० साली सुरू केलं, पण तेव्हा ते ऐच्छिक होतं. १६ जून २०२१ पासून ते २५६ जिल्ह्यांत सक्तीचं झालं, आपला ठाणे जिल्हा त्यात आला. पुढे टप्प्याटप्प्याने जिल्हे वाढत गेले. १ एप्रिल २०२३ पासून नवीन दागिना विकायचा तर त्यावर सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी असलाच पाहिजे.

दागिन्यावर तीन खुणा शोधा: बीआयएसचं त्रिकोणी चिन्ह, शुद्धता (उदाहरणार्थ २२के९१६), आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी. खुणा फार बारीक असतात. दुकानदाराने दहापट मोठं दाखवणारं भिंग ठेवायचं असतं, ते मागा. लाजू नका, तो आपला हक्क आहे. भिंगातून मोबाईलने फोटो काढला तर वाचायला आणखी सोपं जातं.

आता मोबाईलवर बीआयएस केअर हे ॲप उघडा, एचयूआयडी तपासायच्या पर्यायात जा आणि तो क्रमांक टाका. दागिना कुठला (अंगठी, साखळी, बांगडी), शुद्धता किती, कुठल्या केंद्रात आणि कधी तपासला, कुठल्या नोंदणीकृत सराफाने तो दिला होता, हे सगळं समोर येतं. इथे बरेच जण चुकतात. ॲपमध्ये क्रमांक सापडला की झालं, असं त्यांना वाटतं. खरा क्रमांक एखाद्या खऱ्या अंगठीवरून उचलून खोट्या साखळीवर कोरता येतो. तेव्हा ॲप 'अंगठी' म्हणतंय आणि हातात साखळी आहे, तर ती साखळी परत ठेवा.

हॉलमार्किंगचा खर्च म्हणाल तर एका दागिन्याला ४५ रुपये अधिक जीएसटी. दागिना दोन ग्रॅमचा असो की पन्नास ग्रॅमचा. "हॉलमार्कचा घेतला तर फार महाग पडेल" हे वाक्य ऐकलंत तर हा आकडा आठवा.

जुन्या दागिन्यांची काळजी करू नका. घरातलं बिनशिक्क्याचं सोनं बेकायदा नाही, ते तुम्ही सराफाला विकू शकता किंवा मोडून नवीन करू शकता. २०२१ च्या आधीचा चार खुणांचा हॉलमार्कही तुमच्याकडे असेल तर असू द्या.

गावच्या गिऱ्हाइकाला जी सूट महागात पडते

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो भाग. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या वस्तूला हॉलमार्कची सक्ती नाही. वर्षाला ४० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या सराफालाही सक्ती नाही. कुंदन, पोलकी, जडाव यांनाही सूट आहे. लहान व्यावसायिकाचा विचार करून ही सूट दिली, त्यात वाईट काही नाही.

पण वैशाखरे, टोकावडे, किंवा तिकडे शहापूरच्या डोंगरातल्या पाड्यावरचा माणूस काय घेतो ते बघा. मंगळसूत्राच्या दोन छोट्या वाट्या, डोरलं, नाकातली चमकी, बाळाच्या कानातले बाळ्या. प्रत्येक वस्तू दोन ग्रॅमच्या आत. आणि घेतो तो ओळखीच्या छोट्या दुकानातून. म्हणजे ज्याला शंभर-दोनशे रुपयांचा फरकही जाणवतो, तोच या नियमाच्या बाहेर राहतो. मुंबईत वीस ग्रॅमचा हार घेणाऱ्याला सरकारी खूण मिळते, आणि भात विकून दीड ग्रॅम घेणाऱ्याला फक्त विश्वास.

मग अशा वेळी करायचं काय? पक्कं बिल घ्या आणि त्यावर कॅरेट, ९१६ असा आकडा आणि सोन्याचं निव्वळ वजन लिहून घ्या. हॉलमार्क नसला तरी लिहून दिलेलं खोटं निघालं तर ग्राहक कायदा लागू होतोच. चिठ्ठीवर नुसतं 'सोनं, एक नग' लिहून दिलं तर त्या चिठ्ठीचा उपयोग नाही. दुसरं म्हणजे शंका आली तर बीआयएसमान्य तपासणी केंद्रात सामान्य माणसालाही स्वतःचा दागिना तपासून घेता येतो. चार वस्तूंपर्यंत २०० रुपये, पाच किंवा जास्त असतील तर प्रत्येकी ४५ रुपये. बीआयएसच्या संकेतस्थळावर केंद्रांची यादी आहे. बाजाराला जाणारच असाल तर शेजारच्या दोघी-तिघींचे दागिने एकत्र न्या, एकेकटीला खर्च कमी येईल.

बिलातले आकडे

सोप्या हिशोबासाठी २४ कॅरेटचा भाव १० ग्रॅमला १ लाख धरू. मग २२ कॅरेटचे १० ग्रॅम साधारण ९१,६०० रुपये आणि १८ कॅरेटचे ७५,००० रुपये. मोबाईलवर दिसणारा भाव सहसा २४ कॅरेटचा असतो, म्हणून दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न 'आजचा बावीसचा भाव काय?' हाच विचारा. त्यावर घडणावळ, मग एकूण रकमेवर ३ टक्के जीएसटी, आणि हॉलमार्कचे पैसे वेगळे दाखवलेले हवेत. घडणावळ टक्क्यांत असते की ग्रॅममागे रुपयांत, ते विचारून घ्या, कारण इथेच घासाघीस होऊ शकते. सोन्याच्या भावात होत नाही.

वजन हा दुसरा मुद्दा. मंगळसूत्रातले काळे मणी, नथीतले मोती, बोरमाळेतली लाख, ठुशीचा गोंडा, हे सगळं सोन्याच्या भावाने तोललं जाऊ नये. एकूण वजन आणि निव्वळ वजन असे दोन आकडे बिलावर हवेत. बँकेत सोनं तारण ठेवायला गेलात तर तिथला मूल्यमापक निव्वळ सोनंच धरतो, मणी आणि मजुरी नाही.

हॉलमार्कचा दागिना लिहिलेल्या शुद्धतेपेक्षा कमी निघाला तर? बीआयएसच्या २०१८ च्या नियमांनुसार कमी पडलेल्या सोन्याच्या किमतीच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मिळायला हवा. वरच्याच भावाने, ९१६ सांगून ८३३ दिलं असेल तर १० ग्रॅममागे फरक ८,३०० रुपये, भरपाई १६,६०० रुपये. तक्रार बीआयएस केअर ॲपवरूनच करता येते, किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक लावा.

दारात येणारे 'उजाळावाले' आणि 'वन ग्रॅम'

दोन गोष्टी जाता जाता. 'दागिने चकाचक करून देतो' म्हणत दुपारच्या वेळी घरोघर फिरणारे असतात. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या मिश्रणाला आम्लराज म्हणतात, त्यात सोनं विरघळतं. दागिना त्या द्रवात बुडवला की चकाकतो खरा, पण थोडं सोनं त्यांच्या वाटीत राहतं, आणि ते नंतर त्या द्रवातून काढता येतं. दागिना तसाच दिसतो, वजन कमी होतं. सौम्य साबणाचं कोमट पाणी आणि मऊ ब्रश पुरेसा आहे.

आणि जत्रेत, बाजारात मिळतं ते 'वन ग्रॅम गोल्ड' म्हणजे तांब्या-पितळेच्या दागिन्यावर सोन्याचा अगदी पातळ मुलामा. त्यात एक ग्रॅम सोनं असतंच असं नाही. लग्नात मिरवायला खुशाल घ्या, मोडायला नेऊ नका.

आत्याच्या बोरमाळेच्या ८.८५ ग्रॅममधून शेवटी बावीस कॅरेटच्या वाट्या आणि साखळी झाली, थोडी भर घालून. वाट्या दोन ग्रॅमच्या आतल्या, म्हणून त्यांच्यावर एचयूआयडी नाही. साखळीवर आहे. आत्याने तो क्रमांक स्वतः ॲपमध्ये टाकून बघितला, स्क्रीनवर 'चेन' असं आलेलं वाचून घेतलं, आणि बिल लॅमिनेट करून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलंय.